वीस हजार किलोमीटरवरून रोवलेली खुंटी

कंबोडियाच्या वायव्य सीमेवर, थायलंडच्या अगदी कडेला, कसाव्याच्या शेतांतून जाताना मधेच एक लाल पाटी लागते. तिच्यावर कवटी, दोन हाडं आणि ख्मेर भाषेतला इशारा. पाटीच्या अलीकडे पिकाच्या हिरव्या रांगा, पलीकडे माजलेलं रान. माती तीच, पाऊस तोच. पण अलीकडे मुलं अनवाणी फिरतात आणि पलीकडे गाय शिरली तरी तिच्यामागे कोणी जात नाही. ही रेषा किती रुंद असते? मला हा या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. ती पाच मीटर जाड असली, तर तेवढ्यात कुणाचा तरी पाय जातो.

१९८०च्या दशकात ख्मेर रूज आणि इतर गटांचे लढवय्ये थायलंडमधून परत आत येऊ नयेत म्हणून या सीमेवर 'के-५' नावाचा सुरुंगांचा पट्टा पेरला गेला. तो शेकडो किलोमीटर लांब होता. त्याआधीच्या आणि नंतरच्या लढायांनी त्यात भर घातली. १९७९पासून सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा यांनी कंबोडियात सुमारे २०,००० माणसांचा जीव घेतला आणि सुमारे ४५,००० जणांना जखमी केलं.

हे सुरुंग काढताना आता उपग्रहांची मदत घेतली जाते, पण त्याबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. उपग्रहाला मातीखालचा सुरुंग दिसत नाही. तो शोधतं माणसाच्या हातातलं धातुशोधक यंत्र, कुत्र्याचं नाक, किंवा टांझानियात वाढवलेल्या मोठ्या आफ्रिकी उंदराचं नाक. अशाच मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि स्फोटकं हुडकली आणि २०२० साली ब्रिटनमधल्या एका प्राणिसेवी संस्थेचं सुवर्णपदक मिळवलं. उपग्रहाचं काम वेगळं आहे. तो फक्त 'कुठे' एवढंच सांगतो. पण सुरुंग काढण्याचं काम जवळून पाहिलं तर कळतं की खरा माल हाच आहे. शेतकऱ्याच्या हाती अखेर निकामी केलेला सुरुंग पडत नाही. त्याला मिळते ती 'इथपासून इथपर्यंत नांगर घाल' ही खात्री.

पूर्वी ही खात्री होकायंत्र आणि मोजपट्टीवर उभी असायची. एक पक्की खूण धरायची, पूल किंवा देवळाचा कोपरा, आणि तिथून अमुक अंशांत तमुक मीटर, मग पुढचा कोन, पुढचं वळण, असं करत पूर्ण हद्द लिहायची. लोखंड जवळ असलं की होकायंत्र भरकटायचं, आणि एका वळणावरची चूक पुढच्या प्रत्येक वळणाला चिकटायची. पूल पुराने गेला की नोंदीचा पायाच जायचा. गावच्या मोजणीत आंब्याचं झाड तुटल्यावर बांधाचे वाद कसे पेटतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आता आकाशाकडे पाहू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. प्रत्येकाजवळ अणुघड्याळ आहे आणि तो सतत एवढंच सांगत असतो: मी इथे आहे, माझ्याकडे आत्ता इतके वाजले. हा संदेश ज्या ताकदीने निघतो ती घरातल्या जुन्या बल्बच्या पातळीची. आपल्यापर्यंत येताना तो इतका क्षीण होतो की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली दबलेला असतो, आणि तिथून तो उकरून काढावा लागतो. त्याला यायला सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. त्या उशिरावरून अंतर काढायचं. चार उपग्रहांची अंतरं जुळली की जागा ठरते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळात अब्जांश सेकंदाची गडबड झाली तर जमिनीवर एक फुटाची. वरच्या घड्याळांवर गुरुत्वाकर्षण कमी आणि त्यांचा वेग जास्त, या दोन्हींचा मेळ घातला तर ती खालच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइनस्टाइनचा हा हिशेब आधीच धरला नसता तर दिवसाभरात दहा किलोमीटरहून मोठी चूक साचली असती. सुरुंगाची खुंटी रोवणाऱ्या माणसाच्या पाठीशी सापेक्षता सिद्धांत उभा आहे, हे मला अजूनही पचत नाही.

तरीही मोबाइलमधलं साधं जीपीएस काही मीटर चुकतं, आणि इथे काही मीटर फार झाले. १ मे २००० पर्यंत तर अमेरिका नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, आणि जागा शंभरेक मीटरपर्यंत हलायची. त्या दिवशी मध्यरात्री ती चूक काढली. उरल्या चुका वातावरणाच्या. आयनांबराच्या थरातून येताना संकेत अडखळतो, आणि कंबोडियासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशात हा थर विशेष अस्वस्थ असतो.

त्यावर तोड अशी निघाली की दोन यंत्रं घ्यायची. एक पक्क्या जागेवर तिपाईवर रोवायचं. त्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच माहीत असतात. म्हणून आकाश त्या यंत्राला जे खोटं सांगतं ते त्याला लगेच कळतं. तीच चूक शेजारच्या शिवारात फिरणाऱ्या दुसऱ्या यंत्रालाही लागलेली असते, म्हणून पहिलं रेडिओवरून दुरुस्ती पाठवत राहतं. शिवाय ही यंत्रं संकेताच्या लाटाही मोजतात. एक लाट सुमारे १९ सेंटिमीटरची. पूर्ण किती लाटा आल्या तो आकडा सापडला की पडद्यावर 'फिक्स' उमटतं आणि एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जागा हाती येते. या फिरत्या यंत्राला रोव्हर म्हणतात. आपल्याकडे मोजणीला येणारे भूकरमापकही आता तोच घेऊन बांधावर उभे राहतात. दाट झाडीत मात्र रोव्हर रुसतो. मग मोकळ्या जागेतून नेम साधून आत पट्टीच धरावी लागते.

नकाशातला एक सापळा मला विसरता येत नाही. कंबोडिया-व्हिएतनामचे युद्धकाळातले अमेरिकी नकाशे 'इंडियन डेटम' या आधारावर काढलेले आहेत. त्याचा उगम आहे मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरच्या टेकडीवर, जिथे ब्रिटिशांच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने आपलं मूळ धरलं होतं. जीपीएस वेगळ्या पायावर चालतं. दोन्हींतले आकडे सारखेच दिसतात, पण एकाच आकड्याच्या दोन जागा काहीशे मीटर दूर पडतात. मध्य भारतातल्या एका टेकडीची निवड दीडशे-दोनशे वर्षांनी पूर्वेकडच्या शेतात घोटाळा करू शकते! म्हणून नोंदीत आकड्यासोबत आधाराचं नावही लिहावं लागतं. जिनिव्हाच्या मानवतावादी सुरुंगनिर्मूलन केंद्राने अशा नोंदींसाठी संगणक-प्रणाली घडवली, आणि ती अनेक देशांत वापरात आहे.

कंबोडियात काही शोधकुत्र्यांच्या पाठीवरच्या पट्ट्यातही जीपीएस असतं. कुत्रा कुठून गेला, कोणता तुकडा हुंगायचा राहिला, हे हाताळणाऱ्याला पडद्यावर दिसतं.

आणि मग ठिपके बोलू लागतात. सैन्याने शिस्तीने पेरलेल्या पट्ट्यात सुरुंग ठरावीक अंतरावर, रांगेत असतात. सापडलेला प्रत्येक सुरुंग सेंटिमीटरच्या नेमाने नकाशावर उतरवला, की मातीत हरवलेली ती रांग कागदावर उभी राहते. आठवा, नववा, मग रिकामी जागा, मग अकरावा. दहावा जनावराच्या पायाखाली कधीच फुटला असेल, पुराच्या गाळाबरोबर पुढे सरकला असेल, नाहीतर अजून तिथेच असेल. पथक तो आकडा घेऊन परत शेतात जातं, रोव्हरची काठी त्या जागी टेकते, 'फिक्स' येतं, खुंटी रोवली जाते, आणि एक माणूस गुडघे टेकून माती बोटाबोटाने खरवडू लागतो.