चैत्यभूमीवरून आणलेली पिशवी

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून आपण किती पुस्तके आणतो आणि त्यातली किती वाचतो, असे गेल्या वर्षापर्यंत कुणी विचारले असते तर मी विषय बदलला असता. चाळीसएक वर्षे मी चैत्यभूमीवर जातो आहे. रात्रीपासून रांगेत उभे राहायचे, अभिवादन करायचे, मग पाय दुखेपर्यंत स्टॉलवर फिरायचे. प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांना त्या दिवशी गर्दी दिसते, वाहतुकीची कोंडी दिसते. खेड्यातून चटणी-भाकरी बांधून आलेली बाई लुगड्याच्या गाठीतले पैसे सोडून नातवासाठी पुस्तक घेते, ते त्यांना दिसत नाही. हे आपण दरवर्षी म्हणतो आणि ते खरेही आहे. पण घरी आणलेली पिशवी पुढे कुठे जाते, हे कुणी बोलत नाही. माझी पिशवी कपाटात जाते. या वेळी आमच्या आयुष्यमतीने पिशवी बघून विचारले, "अहो, आता कपाटावर माळा काढायचा का?"

तेव्हा ठरवले, भीमा कोरेगावला मानवंदना द्यायला निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करायची. बँकेतली कारकुनी संपून काही वर्षे झाली, वेळ नाही ही सबब उरलेली नाही.

सुरुवात 'बहिष्कृत भारत'पासून केली. शासनाने 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक एकत्र छापले, तो जाडजूड खंड मला एका स्टॉलवर जुन्या पुस्तकांत मिळाला. ३ एप्रिल १९२७ ला पहिला अंक निघाला, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. आपण या पत्राचा गौरव भाषणात करतो. पण एकेक अंक ओळीने वाचत गेले की भाषणात न येणारी गोष्ट कळते, ती म्हणजे बाबासाहेबांचा थकवा. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्यांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या मथळ्याखाली वाचकांपुढे हिशेब मांडला. चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरून काढावे लागतात, पैसा नाही, लिहायला माणूस नाही, असे ते सांगतात. लंडनहून बॅरिस्टर आणि डी.एस्सी. होऊन आलेला माणूस पाक्षिकाच्या वर्गणीसाठी समाजापुढे हात पसरतो, आणि १९२९ च्या अखेरीस ते पत्र बंद पडते. आज आपल्यातले किती जण आपले दैनिक विकत घेतात आणि किती जण विहारात ठेवलेल्या एका अंकावर पाचपंचवीस जण भागवतात, हे मी विचारणार नाही. मीही बरीच वर्षे विहारातलाच अंक वाचत होतो.

मग 'रुपयाचा प्रश्न' हाती घेतला. शासनाच्या इंग्रजी सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. बँकेत ३४ वर्षे नोटा मोजल्या, तेव्हा आपल्याला जमेल असा माझा समज होता. तो पहिल्या पन्नास पानांत उतरला. आमचे वक्ते एका दमात सांगतात की रिझर्व्ह बँक या ग्रंथामुळे झाली. त्यांना विचारा, ग्रंथात काय लिहिले आहे? लगेच चहा येतो. मला जेवढे कळले ते असे. १८९३ ला टाकसाळीत कुणालाही चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची मुभा सरकारने बंद केली आणि त्यानंतर रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर राहिले. सोन्याशी भाव बांधला म्हणजे सगळे ठीक, असे केन्ससारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते. बाबासाहेब म्हणतात, परदेशाशी असलेला भाव स्थिर राहून उपयोग काय, बाजारातल्या किमती स्थिर हव्यात. आणि त्यासाठी रुपये काढणाऱ्या सरकारचा हात बांधला पाहिजे. महागाई आधी येते आणि मजुरी मागून, हे ज्याच्या घरात कळते त्यानेच असा ग्रंथ लिहावा.

एक गोष्ट मात्र मनात रुतली. या ग्रंथाला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि तीत कॅनन स्पष्ट सांगतात की लेखकाची बरीच टीका मला मान्य नाही. १९२३ साली एका अस्पृश्य विद्यार्थ्याने आपल्याशी असहमत असलेली प्रस्तावना आपल्याच ग्रंथाच्या दाराशी छापली. आमच्याकडे स्मरणिकेत विरोधी मताचे एक पत्र छापले तर दोन गट पडतात. ग्रंथ अर्धा झाला आहे. उरलेला वाचायचा आहे, हे कबूल करतो.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह मी कॉलेजात वाचला होता. तेव्हा शीर्षककथेतला राग आवडला होता. या वेळी भीती दिसली. रेल्वेत नोकरीला लागलेला शिकलेला तरुण परमुलखात जात लपवून राहतो, त्याची प्रत्येक दिवसाची भीती. माझा पुतण्या मोठ्या शहरात संगणकाच्या कंपनीत आहे. भाड्याचे घर बघताना तो आडनाव सांगत नाही, नुसते नाव सांगतो, आणि घरमालकाने पुढे विचारले की फोन आल्याचे निमित्त करून बाहेर येतो. हे त्याने मला हसत सांगितले. मी त्याला बागुल वाचायला दिले. त्याने अजून उघडलेले नाही, पण परतही केलेले नाही.

'गोलपिठा' पुन्हा चाळला. १९७२ च्या त्या संग्रहातल्या काही कविता आजही अंगावर येतात आणि काही मला तेव्हाही कळल्या नव्हत्या, आजही नाहीत. नामदेव ढसाळांवर श्रद्धा असणाऱ्यांनी रागवू नये.

पिशवीत एक दहा रुपयांची पुस्तिकाही निघाली, बाबासाहेबांच्या विचारांची. कुणी छापली ते सांगत नाही. बाबासाहेबांनी कधी उच्चारली असतील असे वाटत नाही अशी वाक्ये त्यांच्या नावावर, खाली ना ग्रंथ, ना तारीख. हीच वाक्ये मोबाईलवर सकाळी जयभीमसोबत येतात आणि आपण पुढे ढकलतो. ज्या माणसाने संदर्भ दिल्याशिवाय शब्द लिहिला नाही त्याच्या नावाने हा उद्योग चालावा! तिकडे शासनाच्या खंडांची छपाई इतकी रखडली की २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. मूळ खंड मिळत नाहीत म्हणून खोट्या पुस्तिका खपतात, एवढे साधे हे गणित आहे. असो.

फ्रेडरिक डग्लस या अमेरिकेतल्या गुलामाचे आत्मकथन १८४५ चे आहे. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, मालकाने ते बंद पाडले. गुलाम वाचायला लागला की गुलाम राहत नाही, हे मालकाला बरोबर कळले होते. मग हा पोरगा घरातली पाव-रोटी खिशात घालून बाहेर पडायचा आणि रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या मुलांना ती देऊन त्यांच्याकडून अक्षरे घ्यायचा. हे वाचताना मला वामनदादा आठवले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस शाळेत न जाता मुंबईला आला, मोठेपणी अक्षरे गिरवली आणि त्यानंतर आयुष्यभर गाणी लिहून गावोगाव बाबासाहेब पोचवले. त्यांच्या गाण्यांची एक वही पिशवीत होती. ती मी वाचली नाही, संध्याकाळी मोठ्याने म्हटली. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता ज्या दोन पुस्तकांसाठी हा लेख लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले, त्याआधी ते 'स्त्री' मासिकात क्रमशः छापले जात होते. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि घरातल्या माणसांपासून लपवून लिहीत. अनेक वर्षे ते लिखाण लपूनच राहिले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्या नजरेला पडले म्हणून आपल्यापर्यंत आले. पुस्तकात महारवाड्यातले दारिद्र्य आहे, अंगात येणे आहे, बाबासाहेबांच्या शब्दाने जागा झालेला समाज आहे. आणि सासुरवाशिणींचे जे हाल आपल्याच माणसांनी केले तेही आहेत. तिथे बेबीताई हात आखडत नाहीत. स्वतःच्या नवऱ्याविषयी मात्र पुस्तकात त्या फारसे बोलत नाहीत. पुढे इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की मारझोड त्यांच्याही वाट्याला आली होती. नवराही चळवळीतलाच होता.

हे पुस्तक माझ्या आधी बायकोने वाचले. मी रुपयात अडकलो होतो तेव्हा दुपारी भांडी झाल्यावर ती ते घेऊन बसायची. मी उघडले तेव्हा मारझोडीच्या पानात रेशनच्या दुकानाची पावती घातलेली होती. मला वाटले, वाचता वाचता थांबली असेल. पण तिने पुस्तक तर शेवटपर्यंत वाचले होते.

१९९३ साली नामांतराच्या सभेवरून मी रात्री उशिरा घरी आलो. जेवण गार होते, मुलगी तापाने रडत होती, आणि मी हात उचलला. एकदाच, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. तिला विचारले, "ही पावती तू घातलीस का?" ती म्हणाली, "हो. आणि एकदा नाही, तीनदा." तेवढेच बोलून ती डाळ निवडायला लागली. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले तेव्हा आमच्या वस्तीत पेढे मीच वाटले होते. त्या सगळ्या सभांना ती किती वेळा आली होती? आठवून पाहिले. चहा तिने केला होता, पंचवीस-तीस माणसांचा, दर वेळी.

त्यानंतर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' मी वेगळ्या नजरेने वाचले. १९८९ चे हे पुस्तक. या दोघींनी गावोगाव, वस्त्यावस्त्यांत फिरून म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधल्या आणि त्यांना बोलते केले. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या महिला परिषदेचा वृत्तांत वाचताना मी थांबलो. २५ हजारांच्या घरात बाया जमल्या होत्या. तिथे ठराव झाले: घटस्फोटाचा हक्क मिळावा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरणीतल्या बायांना भरपगारी रजा मिळावी.

आपण भाषणात काय सांगतो? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले आणि स्त्रियांसाठी मंत्रिपद सोडले. खरे आहे. पण राजीनामा १९५१ चा आणि हे ठराव १९४२ चे. त्या बिलातल्या महत्त्वाच्या मागण्या आमच्या बायांनी नऊ वर्षे आधी, भर मंडपात, स्वतःच्या तोंडाने केल्या होत्या. ज्यांनी घटस्फोट मागितला त्यांच्या घरी त्या रात्री काय झाले असेल, हा विचार मी या महिन्याआधी कधी केला नव्हता. आणि मी चळवळीवर ३० वर्षे भाषणे देतो आहे.

हे मी पत्नीला विचारून लिहितो आहे. छापून आले तर नातेवाईक काय म्हणतील, असे मी म्हटले. ती म्हणाली, "बेबीताईंना कुणी विचारले होते का?"

३१ डिसेंबरला पिशवीत दोनच वस्तू उरल्या, अर्धा रुपया आणि ती दहा रुपयांची पुस्तिका. 'आम्हीही इतिहास घडवला' तिने विहारातल्या महिला मंडळात वाचायला नेले आहे. मी दोनदा मागितले. दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कुणाच्या घरी होते.