हॉटेल कोठे काढावे?

महोत्सवी अंकासाठी संसारास उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळींची सूचना आली, आणि त्याच आठवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे सल्ला विचारावयास आला. स्टेशनाजवळ त्याचे चहा-नाश्त्याचे लहानसे हॉटेल आहे. आलुबोंडा, पोहे, चहा. घरचीच चार माणसे राबतात. तो म्हणाला, "सर, गिऱ्हाईक कमी होत चालले आहे. नव्या रस्त्यावर एक गाळा मिळतो आहे. अब्बांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत. इथले बंद करून तिकडे जाऊ का?"

प्रश्न साधा, पण त्यात एका वृद्धाची आयुष्यभराची शिल्लक अडकलेली. आम्ही शिक्षक, धंद्यातले आम्हांस काय कळणार? तरी इतिहास शिकवितो, म्हणून हॉटेले का निघतात आणि जागा का बदलतात, हे पाहून मग बोलू, असे आम्ही त्यास सांगितले. तो विचार येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्याच मुलखाचे पाहू. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर आणि पुढे जबलपूर अशी अरुंद मापाची आगगाडी १९०३ ते १९०५ च्या सुमारास सुरू झाली. आपले हट्टा रोड स्टेशन याच मार्गावरचे. ती गाडी हळू चाले, स्टेशनावर निवांत थांबे. प्रवासी उतरून चहा पीत, भजी घेत, आणि गार्डाची शिट्टी झाल्यावर धावत डब्यात शिरत. स्टेशनाबाहेरच्या कित्येक चूलखंडांचे पोट या थांबण्यावर चाले. पुढे गोंदिया–बालाघाट मार्ग रुंद झाला. २०१५ मध्ये बालाघाट–नैनपूर–जबलपूर ही जुनी गाडी बंद पडली, आणि पाच-सहा वर्षांनी तेथेही रुंद मार्ग आला. ही प्रगती हवीच होती. रोगी मनुष्य नागपूरच्या दवाखान्यात लवकर पोहोचतो, हे थोडे नव्हे. परंतु गाडी दोन मिनिटे थांबू लागली की स्टेशनावरचा चहा कमी होणारच. आमच्या विद्यार्थ्याच्या हातची चव बिघडली नव्हती. गाडीचा थांबा आखूड झाला होता.

असेच मोठ्या शहरांतही घडत आले आहे. मुंबईत इराणातून आलेल्या पारशी आणि मुसलमान मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहाची दुकाने काढली. पुष्कळ दुकाने रस्त्याच्या कोपऱ्यावर असत. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती टाळीत, अशी सर्रास सांगितली जाणारी गोष्ट आहे. कारण काही असो, कोपऱ्यावर दोन रस्त्यांची माणसे येतात, हा लाभ खरा. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. पुण्यातील गुडलक १९३५ चे. तेथे कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा राबता. ज्या काळी रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळे, त्या काळी इराण्याच्या संगमरवरी टेबलाभोवती नाना जातिधर्मांची माणसे बसून बनमस्का खात. पुढे आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म वा जात पाहून कोणास अडविता येणार नाही, असे स्पष्ट केले. हॉटेल हा केवळ पोटाचा धंदा नाही, एवढे यावरून ध्यानात यावे. आज मात्र इराण्यांची दुकाने थोडीच उरली आहेत. जागेचे भाव चढले, मुलांनी दुसरे व्यवसाय धरले, आणि एका कपावर तासभर बसणाऱ्या गिऱ्हाइकाने भाडे निघेनासे झाले.

गिरणगावातील खानावळींचे निराळेच. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या शेकडो बाया तेथे होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा सावकाराचा पाश सैल झाला. परंतु जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या, आणि ज्या पावलांवर खानावळ उभी होती ती पावलेच दुसरीकडे वळली.

आपणांस जवळचे मोठे शहर नागपूर. तेथील सावजी जेवण सर्वांस ठाऊक आहे. हे मूळ हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे झणझणीत जेवण. हातमागाचा धंदा बसत गेला, तशी त्यांतील काही कुटुंबे खानावळीकडे वळली. प्रथम ही भोजनालये विणकरांच्या वस्त्यांतच, गल्लीबोळांत असत, आणि खवय्ये शोधीत तेथे जात. शहर दक्षिणेकडे वर्धा रोडने वाढू लागले, २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली, आणि सावजीच्या पाट्याही महाल-इतवारी सोडून दूरदूरच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. आता तर पुण्या-मुंबईसही सावजी मिळते. मात्र ज्यांनी मसाल्याचा हात सोबत नेला तेच टिकतात. नुसती पाटी नेणाऱ्यांकडे गिऱ्हाईक एकदाच येते.

या बाबतीत कॉफी हाउसचे उदाहरण फार बोधप्रद आहे. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. पुढे कॉफी बोर्डाने ती गावोगावी चालविली आणि १९५० नंतरच्या दशकात धोरण बदलून बंद करण्यास घेतली. नोकर उघड्यावर पडले. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि 'इंडियन कॉफी हाउस' या नावाने स्वतःच ती चालविण्यास घेतली. जबलपूर आणि नागपूर येथेही अशा संस्था निघाल्या. कित्येक वर्षे झाली, तरी तुरेवाली टोपी घातलेला वाढपी आजही तेथे डोसा आणून देतो. मालक गेला, जागाही पुष्कळ ठिकाणी गेली. पण काम जाणणारे हात एकत्र राहिले म्हणून धंदा राहिला.

आता हिशेब पाहू. शाळेत घालतो तसे हे गणित आहे. समजा, नव्या गाळ्याचे भाडे महिना तीस हजार रुपये. म्हणजे दिवसाला एक हजार. नाश्त्याची बशी चाळीस रुपयांस विकली, आणि तेल, बेसन, गॅस व मजुरी वजा जाता आठ रुपये उरले, तर केवळ भाडे निघण्यासाठी रोज एकशे पंचवीस बशा विकावयास हव्यात. घरखर्च त्यापुढे. पावसाळ्याचे आणि सणावारी बंद ठेवण्याचे दिवस धरले, तर आकडा आणखी वाढतो. ज्या रस्त्यावरून हजार मोटारी जातात, पण थांबतात दहा, तो रस्ता हॉटेलास निरुपयोगी. २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. त्यावरून मोटारी वाऱ्यासारख्या जातात, पण वाटेल तेथे उतरून चहा घेता येत नाही.

आणखी एक बदल ध्यानात घेतला पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलांची बाके रिकामी झाली आणि पार्सलावर दिवस काढावे लागले. शहरांत झोमॅटो-स्विगीची मुले घरपोच जेवण नेऊन देतात, त्यामुळे मोक्याची जागा नसलेले गल्लीतील स्वयंपाकघरही आता चालते. मात्र त्या कंपन्यांचे कमिशन हेही एक प्रकारचे भाडेच समजावे.

हातगाडीवाल्या बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यास एका जागेवरून दुसरीकडे हलवावयाचे तर आधी तीस दिवसांची नोटीस दिली पाहिजे. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ लोक मुकाट्याने गाडी उचलतात. तसेच खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाने, गाडी असो की हॉटेल, अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. जागा बदलल्यास पत्ताही बदलून घ्यावा.

हे सर्व ऐकून आमच्या विद्यार्थ्याने वही काढली. सतत आठ दिवस, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, तो नव्या रस्त्यावर उभा राहिला आणि किती माणसे जातात हे न मोजता किती थांबतात हे मोजीत राहिला. सकाळी फारच थोडी थांबत. संध्याकाळी मात्र शिकवणीची मुले आणि कामावरून परतणारी माणसे रेंगाळत. त्याने गाळा घेतला नाही. जुने हॉटेल सकाळी चालू ठेवून संध्याकाळी नव्या रस्त्यावर रीतसर परवानगीने गाडी लावण्यास सुरुवात केली आहे. तीन महिने पाहून मग ठरवू, असे तो म्हणतो. अब्बांचे पैसे अद्याप पोस्टात आहेत.

आपल्या कुटुंबांतील पुष्कळ तरुण आज हॉटेल काढू पाहतात. उमेद चांगली आहे. तिला नाउमेद करण्याचा आमचा हेतू नाही. वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, की दागिना गहाण टाकण्यापूर्वी मुलाबरोबर आठ दिवस त्या रस्त्यावर स्वतः उभे राहावे. त्यास फार तर रोजच्या दोन कप चहाचा खर्च येईल.