लँडिंग सोडून विमान पुन्हा वर गेलं तर घाबरू नका! करिपूर अपघाताने काय शिकवलं?

उदगीर, देगलूर, नांदेड भागातली अनेक माणसं उमराहसाठी किंवा आखाती देशांत कामासाठी हैदराबाद नाहीतर मुंबईहून विमान पकडतात. परत आल्यावर गप्पांमध्ये दोन गोष्टी हमखास निघतात. एक, "उतरताना विमान असं आदळलं की काळीज तोंडाशी आलं." दुसरी, "जमिनीजवळ आलेलं विमान अचानक पुन्हा वर गेलं, सगळे कलमा पढायला लागले." दोन्ही वेळा आपण पायलटला नावं ठेवतो. पण खरा धोका बऱ्याचदा वेगळ्याच ठिकाणी असतो.

आदळणं नेहमी चूक नसते

मर्यादेपेक्षा जास्त जोराने विमान आदळलं तर ते 'हार्ड लँडिंग' ठरतं. मग चाकांची आणि सांगाड्याची तपासणी झाल्याशिवाय विमान पुन्हा उडवता येत नाही. मात्र पाऊस पडत असेल तर पायलट मुद्दामच विमान थोडं ठामपणे टेकवतो. धावपट्टीवर पाण्याचा थर असतो. तो फोडून टायर जमिनीला भिडले नाहीत तर विमान पाण्यावर घसरत जातं आणि ब्रेक नीट लागत नाहीत. विमान अलगद टेकवण्याच्या नादात धावपट्टी हातची जाणं, हे धक्क्यापेक्षा कितीतरी वाईट.

करिपूरला काय झालं?

7 ऑगस्ट 2020. कोरोनाच्या काळात 'वंदे भारत' मोहिमेतलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान दुबईहून केरळातल्या कोळिकोडला आलं. विमानात एकूण 190 जण होते. कॅप्टन होते दीपक साठे. नागपूरशी नातं असलेलं मराठी कुटुंब, हवाई दलातली मोठी कारकीर्द आणि दांडगा अनुभव. सोबत फर्स्ट ऑफिसर अखिलेश कुमार.

करिपूरचा हा विमानतळ 'टेबलटॉप' आहे, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून धावपट्टी केलेली आणि टोकाला खोल उतार. त्या संध्याकाळी मुसळधार पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही, म्हणून विमान वर नेलं गेलं. तो निर्णय अगदी बरोबर होता. कॅप्टनच्या बाजूचा वायपरही नीट चालत नव्हता. दुसऱ्यांदा विरुद्ध दिशेने उतरायचं ठरलं, तेव्हा वारा मागून होता. मागून वारा असला की विमान जास्त वेगाने पुढे जातं आणि थांबायला जास्त जागा लागते.

नियम सांगतो की उतरताना ठरावीक उंचीपर्यंत विमानाचा वेग, खाली येण्याची गती आणि दिशा स्थिर झालीच पाहिजे. नसेल तर लँडिंग सोडून वर जायचं. यालाच 'गो-अराउंड' म्हणतात. इथे विमान स्थिर नव्हतं. धावपट्टीवर आल्यावरही ते टेकेना, हवेतच पुढे जात राहिलं. सुमारे 2700 मीटरच्या धावपट्टीवर ते टेकलं तेव्हा जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडली होती. ओल्या धावपट्टीवर ते थांबलं नाही, टोकावरून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही पायलटांसह 21 जणांचा मृत्यू झाला. आग लागली नाही, म्हणून बाकीचे वाचले.

"गो अराउंड" ऐकूनही...

2021 मध्ये आलेल्या तपास अहवालाने मुख्य बोट ठेवलं ते पायलटांच्या चुकांवर. विमान टेकण्याआधी फर्स्ट ऑफिसरने "गो अराउंड" म्हटलं होतं. कॅप्टनने ते मानलं नाही आणि फर्स्ट ऑफिसरने कंट्रोल आपल्या हातात घेतलं नाही. कॉकपिटमधलं ज्येष्ठ-कनिष्ठ हे अंतर नडलं, असं अहवाल सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनला तिथूनच उड्डाण करायचं होतं आणि तिथे कॅप्टनची कमतरता होती. इथेच उतरायचं, हा दबाव त्यातूनही आला असावा, असंही अहवालात आहे. म्हणजे चूक पायलटांची असली, तरी कंपनीचं नियोजनही त्यातून सुटत नाही.

दुःख याचं, की हे आधीही घडलं होतं. 22 मे 2010 रोजी दुबईहूनच आलेलं याच कंपनीचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून कोसळलं. 158 जण गेले, फक्त 8 वाचले. तिथेही विमान उशिरा टेकलं आणि तिथेही सहवैमानिकाने गो-अराउंड करायला सांगितलं होतं. दहा वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवावा लागला.

मोठ्यांपुढे तोंड उघडू नये, हा संस्कार घरात शोभतो. कॉकपिटमध्ये तो जिवावर उठतो. म्हणूनच आता पायलटांच्या प्रशिक्षणात दोन गोष्टींवर भर असतो. कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं आणि वेळ आली तर कंट्रोल हातात घ्यायचं. ज्येष्ठाने त्यात अपमान मानायचा नाही.

करिपूरची माणसं

त्या रात्री करिपूर-कोंडोट्टीचे लोक कोरोनाची भीती आणि पाऊस न बघता धावत गेले. मिळेल त्या गाडीतून जखमींना दवाखान्यात नेलं, रक्तदानासाठी रांगा लावल्या. नंतर त्यांना विलगीकरणात राहावं लागलं. एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणं, ही शिकवण त्यांनी जगून दाखवली.

आपण काय करायचं?

बेल्ट शेवटपर्यंत बांधलेला ठेवा. विमान पूर्ण थांबण्याआधी सामान काढायला उठू नका. आणि उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, किंवा दुसऱ्याच शहरात उतरवलं, तर चिडू नका. अर्धा तास उशीर होईल, पुढची गाडी चुकेल, घ्यायला आलेली माणसं ताटकळतील. पण कॉकपिटमध्ये कुणीतरी वेळेवर बोललं आणि कुणीतरी ते ऐकलं, असाच त्याचा अर्थ असतो. अशा वेळी अल्लाहचे आभार माना आणि उतरल्यावर पायलटलाही शुक्रिया म्हणा.