बसू देणाऱ्या जागा : एका परीक्षार्थीचे पुणे

पुणे, प्रतिनिधी

एखादे हॉटेल चांगले की वाईट, हे ठरविण्याची प्रत्येक पुणेकराची कसोटी निराळी असते. कोणी सांबाराची चव पाहतो, कोणी टेबलाची स्वच्छता, तर कोणी दुचाकी लावायला जागा आहे की नाही ते. सदाशिव पेठेत तीन वर्षांपासून 'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या लातूर जिल्ह्यातील एका पदवीधराची कसोटी मात्र एकच आहे : एका चहावर तेथे किती वेळ बसू देतात? राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या या चोवीस वर्षांच्या तरुणाबरोबर प्रस्तुत प्रतिनिधीने एक रविवार घालविला. दुकाने, खाणावळी, टेकड्या आणि परमिट रूम यांविषयीची त्याची मते कधी उदार, कधी फार कठोर होती. परंतु त्यांमागे एक हिशेब होता, आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम त्याची स्थिती. तो स्वतःला विद्यार्थी म्हणवितो. घरमालक, मेसवाल्या काकू आणि गावाकडील वडीलही त्याला विद्यार्थीच म्हणतात. मात्र त्याच्याजवळ कोणत्याही महाविद्यालयाचे ओळखपत्र नाही. पदवी झाली तेव्हा ते परत गेले. त्यामुळे वसतिगृह नाही, जिमखाना नाही, महाविद्यालयाचे ग्रंथालय नाही. मेट्रोने विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत दिली, ती पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना. पेठांमध्ये आणि शास्त्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणारे स्पर्धा परीक्षांचे हजारो उमेदवार याच पेचात आहेत. शहर त्यांना विद्यार्थी म्हणून ओळखते, पण विद्यार्थ्याला मिळणारी कोणतीही जागा त्यांच्या नावावर नसते. प्रत्येक जागा भाड्याने घ्यावी लागते : झोपायची वेगळी, वाचायची वेगळी, जेवायची वेगळी.

पुण्याला बाहेरगावचा विद्यार्थी नवा नाही. माधुकरी मागून आणि सात घरी सात वार लावून शिकलेल्यांच्या कथा या शहराने अभिमानाने जपल्या आहेत. पुढे १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि दान मागण्याची वेळ पुष्कळांवर आली नाही. आजच्या परीक्षार्थीच्या वाट्याला मात्र वार नाही आणि समितीही नाही. त्याच्या वाट्याला मासिक पावती आहे.

सर्वांत मोठी पावती अर्थातच खोलीची. त्यानंतर अभ्यासिका. पेठांतील जुन्या वाड्यांच्या जागी आलेल्या इमारतींत, मजल्यामजल्यावर, लाकडी फळ्यांनी विभागलेली टेबले मांडलेली दिसतात. महिन्याचे साधारण हजार ते दोन हजार रुपये. वातानुकूलन असेल तर अधिक. कित्येक अभ्यासिका चोवीस तास उघड्या असतात. या तरुणाच्या मते पुण्यातील एकमेव प्रामाणिक दुकान हेच, कारण येथे बसण्याचेच पैसे घेतले जातात. बसणे लपवून चहा विकला जात नाही. तक्रारही आहे. जिना अरुंद, बाहेर पडायची वाट एकच आणि चपला त्याच वाटेवर. जुलै २०२४ मध्ये दिल्लीतील राजिंदर नगर भागात तळघरातील ग्रंथालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, तेव्हापासून तो नव्या अभ्यासिकेत गेला की आधी दुसरे दार शोधतो. ज्या अभ्यासिकेत तो आज बसतो तेथे दुसरे दार आहे. ते बंद असते.

वृत्तपत्रे वाचण्यासाठी तो कधीकधी पुणे मराठी ग्रंथालयाकडे वळतो. १९११ पासूनची ही संस्था नारायण पेठेत आहे. तेथील ज्येष्ठ वाचकांबद्दल त्याला आदर आहे. एकच वर्तमानपत्र पाऊण तास हातात ठेवण्याच्या त्यांच्या चिकाटीबद्दल तर विशेष.

खाडा आणि फीस्ट

मेसचा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला तीन हजारांच्या आसपास. चार पोळ्या, एक कोरडी भाजी, एक रस्सा, वरण-भात. गावी गेले तर आधी सांगून 'खाडा' लावायचा. तेवढ्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. मेस चांगली की वाईट, हे भाजीवर ठरत नाही, खाडा किती सहजपणे मान्य होतो यावर ठरते, असे त्याचे ठाम मत आहे. काही ठिकाणी सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरतच नाहीत. त्या मेस त्याने सोडल्या. रविवारी दुपारी 'फीस्ट' असते : गोड पदार्थ, एखादी तळणीची चीज, मसालेभात. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. या बंद संध्याकाळीच पेठेतील वडापाव, पावभाजी आणि अंडाभुर्जीच्या गाड्यांची चांदी होते. टिळक रस्त्यावरील 'बादशाही' आणि सदाशिव पेठेतील 'पूना बोर्डिंग हाउस' ही नावे त्याने ऐकली आहेत, थाळीचीही तो स्तुती करतो. पण ती आता त्याच्यासाठी वडील पुण्यात आले की जाण्याची ठिकाणे आहेत. एकेकाळी खाणावळ होती ती अशी हळूहळू सहलीची जागा झाली.

चहाच्या बाबतीत त्याचे मत पुणेरी अभिमानाशी जुळणारे आहे. अमृततुल्य ही राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी या शहराला दिलेली देणगी. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि चहा एकत्र उकळायचा, आले-वेलदोडा कुटून टाकायचा आणि फडक्यातून गाळायचा. जुन्या अमृततुल्यात दोन बाके असतात, त्यामुळे पंधरा मिनिटे मिळतात. गेल्या काही वर्षांत साखळी पद्धतीने निघालेल्या चहाच्या दुकानांत नाव अमृततुल्यच असते, पण पुष्कळ ठिकाणी बाके नसतात. उभ्याने प्या आणि निघा. पदार्थ तोच ठेवून बसणे तेवढे वगळले, हे त्याचे निरीक्षण प्रस्तुत प्रतिनिधीला पटले.

डेक्कनवरील १९३५ पासूनच्या 'गुडलक'मधील बनमस्का त्याला आवडतो, पण सुटीच्या दिवशी मागे रांग उभी असताना मस्का घशाखाली उतरत नाही. फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'त तो तीन वर्षांत एकदा गेला : भाऊ आला होता, त्याने बिल दिले. डोसा उत्तम होता. नाव लिहून फुटपाथवर थांबावे लागले तो वेळ मात्र त्याने चालू घडामोडींच्या खात्यात मांडला.

अप्पा बळवंत चौकाविषयी तो जवळजवळ हळवा होतो. जुनी पुस्तके घ्यायची, परीक्षा झाली की परत विकायची. २०२३ च्या फेब्रुवारीत नवा वर्णनात्मक अभ्यासक्रम पुढे ढकलण्यासाठी पेठांतील मुले रस्त्यावर बसली आणि तो २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. तेव्हापासून वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचा भाव उतरत गेला. त्याच्या कपाटात अशा संचांचा एक गठ्ठा अजून आहे. विकत कोणी घेत नाही. रद्दीत द्यायला मन होत नाही.

चोविसाव्या वर्षीचा ग्लास

परमिट रूममध्ये तो वर्षातून दोनदा जातो. एकदा पूर्वपरीक्षेच्या निकालानंतर, एकदा त्याच निकालाच्या दुःखात. या जागेचे नावच कायद्यातून आले आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, जो आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, मद्य पिणे हा नियम नसून अपवाद ठरविला. ज्याच्याजवळ परवाना, त्यानेच प्यावे. म्हणून परवानाधारकांची ती 'परमिट रूम'. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बिअरसाठी वयाची अट २१, कडक मद्यासाठी २५. आपला परीक्षार्थी २४ वर्षांचा. म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा दुय्यम निरीक्षक होण्याचे त्याचे वय झाले आहे, व्हिस्कीचा ग्लास हाती घेण्याचे झालेले नाही. ही विसंगती त्यानेच हसत सांगितली. पूर्वी वय कोणी विचारीत नसे, असेही तो म्हणाला.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी ज्या बारमध्ये त्याला मद्य दिल्याचा आरोप झाला, त्यांचे मालक व व्यवस्थापक अटकेत गेले. त्यानंतर आधारकार्ड मागण्याचे प्रमाण वाढल्याचे तो सांगतो. मात्र ते चकचकीत ठिकाणी. पेठेच्या कडेच्या, ट्यूबलाइटखालच्या परमिट रूममध्ये वेटर अजूनही चेहरा पाहून ठरवितो. तेथील शेंगदाणे-चकणा फुकट आणि बसण्याला मर्यादा नाही, त्यामुळे त्याच्या कसोटीवर ही जागा फार वर लागायला हवी. तो तिला खाली ठेवतो. कारण विचारले तेव्हा म्हणाला की, शेजारच्या टेबलावर दरवेळी चौतीस-पस्तिशीचे, वयोमर्यादेच्या तोंडाशी आलेले उमेदवार असतात आणि ते अजून अभ्यासक्रमाविषयीच बोलत असतात.

खरे पहिले क्रमांक टेकड्यांचे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी, तळजाई. पैसे नाहीत, रांग नाही, कोणी उठवीत नाही. पण हा क्रमांक मुलाचा आहे. याच इमारतीतील अभ्यासिकेत येणाऱ्या सातारा जिल्ह्यातील एका मुलीची यादी ऐकली तेव्हा त्यातील अर्ध्या जागा गळून पडल्या. टपरीवर ती पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. चोवीस तासांची अभ्यासिका तिच्यासाठी रात्री साडेनऊलाच संपते, कारण वसतिगृहाचे फाटक दहाला बंद होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात मित्रासोबत गेलेल्या महाविद्यालयीन तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर शहराभोवतीच्या टेकड्यांवर दिवे, कॅमेरे आणि गस्त यांची चर्चा झाली, आणि तिच्या घरून रोज संध्याकाळी दूरध्वनी येऊ लागला. टेकडी तिच्या यादीत सकाळी सहा ते आठ एवढीच आहे. तिला सर्वांत आवडणारी जागा कोणती, तर टिळक स्मारक मंदिरात २१ एप्रिल ते २० मे या काळात चालणारी वसंत व्याख्यानमाला. खुर्ची मिळते, आजूबाजूला ज्येष्ठ मंडळी असतात आणि एकटी मुलगी येथे का बसली आहे, असे कोणाच्याही मनात येत नाही.

पेठांतील रस्तादेखील कधीकधी बसण्याची जागा होतो. मार्च २०२१ मध्ये परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाची व बँकेची परीक्षा एकाच दिवशी आल्यावर, शास्त्री रस्त्यावर मुले ठाण मांडून बसली. दुसऱ्या खेपेला तोही होता. जवळच्या मेसवाल्यांनी त्या रात्री पोहे पाठविले होते. त्याचा खाडा कोणी धरला नाही, ही आठवण तो आवर्जून सांगतो.

दिवेलागणीला आम्ही झेड पुलावर आलो. दुचाकी कडेला लावून कठड्याशी उभी असलेली जोडपी, खाली मुठेचे काळे पाणी, वर मेट्रोची घरघर. हातात दोन वडापाव होते. हा पूल त्याच्या यादीत दुसरा आहे. पहिला का नाही, असे विचारता त्याने घड्याळाकडे पाहिले. नऊ वाजता पोलिसांची गाडी येते आणि सर्वांना हलविते. साडेआठ झाले होते. आम्ही आणखी अर्धा तास बसलो.