भारतातील गांजाविषयीचे मतप्रवाह

भारतात गांजाचे सेवन आणि त्याला कायदेशीर मान्यता देण्याचा प्रश्न यांविषयी परस्परविरोधी मते दीर्घकाळापासून आढळतात. ही मते केवळ 'समर्थन' आणि 'विरोध' अशा दोन गटांत विभागता येत नाहीत. एकाच वनस्पतीपासून मिळणाऱ्या भांग, गांजा व चरस या तीन पदार्थांकडे समाज वेगवेगळ्या दृष्टीने पाहतो. सेवन करणारी व्यक्ती साधू आहे, मजूर आहे की महाविद्यालयीन विद्यार्थी, यावरही लोकांचा निर्णय बदलतो. कायदा वनस्पतीच्या भागांमध्ये भेद करतो, तर लोकमत माणसांमध्ये. या दोन भेदांतील अंतर हेच भारतातील वादाचे वैशिष्ट्य आहे.

भांग, गांजा आणि चरस

हे तिन्ही पदार्थ कॅनाबिस या प्रजातीच्या वनस्पतीपासून मिळतात. पाने वाटून केलेली भांग दुधात, थंडाईत किंवा मिठाईत मिसळून पोटात घेतली जाते. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. तो मुख्यतः चिलमीतून ओढतात. झाडावरील राळ वेगळी काढली की चरस होतो. मादी फुलोऱ्यात बी धरू नये म्हणून गांजाच्या शेतातील नर झाडे वेळीच उपटून टाकली जातात, कारण बी न धरलेल्या फुलोऱ्यात राळ अधिक असते. नशा आणणारा प्रमुख घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) पानांत कमी, फुलोऱ्यात अधिक आणि राळेत सर्वाधिक असतो. इस्रायलमधील राफाएल मेकूलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये हा घटक शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना निश्चित केली.

भांग सौम्य आणि गांजा उग्र ही लोकसमजूत त्यामुळे निराधार नाही. मात्र ती पूर्णपणे खरीही नाही. पोटात घेतलेल्या भांगेचा परिणाम उशिरा सुरू होतो आणि बराच काळ टिकतो. 'काहीच झाले नाही' असे वाटून दुसरा पेला घेणाऱ्यास दोन्ही मात्रांचा परिणाम एकदम जाणवतो.

मराठी समाजातील धारणा

मराठी भाषेतच या वनस्पतीविषयीची दुहेरी भूमिका साठवलेली आहे. सज्जन घराण्यात निपजलेल्या वाईट मुलास 'तुळशीत भांग उगवली' असे म्हणतात. या वाक्प्रचारात भांग ही तुळशीच्या पावित्र्याच्या विरुद्ध टोकाला उभी आहे. 'गांजेकस' आणि 'गंजेडी' हे शब्द तर सरळ निंदाव्यंजक आहेत. दुसरीकडे, महाशिवरात्रीस किंवा होळीस घेतलेली भांग अनेक ठिकाणी सणाचा भाग मानली जाते. आयुर्वेदात याच वनस्पतीला 'विजया' असे नाव आहे.

धार्मिक परंपराही एकमुखी नाहीत. शैव साधूंच्या काही पंथांत चिलीम ओढणे हे वैराग्याशी जोडले जाते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात हे दृश्य नित्याचे असते. वारकरी संप्रदायात मात्र तुळशीची माळ घालणारा मांस व मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचा नियम पत्करतो. त्यामुळे 'आपल्या संस्कृतीत गांजा मान्यच आहे' किंवा 'आपल्या संस्कृतीत व्यसनाला स्थान नाही' ही दोन्ही विधाने अर्धीच खरी ठरतात. साधूच्या हातातील चिलमीकडे पाहून हात जोडणारी व्यक्ती तीच चिलीम स्वतःच्या मुलाच्या हाती पाहणे सहन करीत नाही. यात दांभिकता आहे, असे मान्यतेचे समर्थक म्हणतात. संसार सोडलेल्यास लागू असलेला नियम संसारी माणसाला लागू होत नाही, असे त्यावर पारंपरिक उत्तर दिले जाते.

शहरी मध्यमवर्गाच्या मतावर १९८० च्या दशकातील एका वेगळ्याच पदार्थाची छाया आहे. त्या काळात मुंबई-पुण्यात 'गर्द' अर्थात ब्राउन शुगर हे अशुद्ध हेरॉइन झपाट्याने पसरले. अनिल अवचट यांच्या 'गर्द' या पुस्तकाने हा विषय मराठी घराघरांत नेला. १९८६ मध्ये अनिल व सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. 'अमली पदार्थ' म्हणताच गर्दच्या विळख्यात सापडलेला तरुण डोळ्यांपुढे येणाऱ्या पिढीला गांजा हा त्याच वाटेवरील पहिला टप्पा वाटणे स्वाभाविक होते. या पदार्थांच्या अवलंबित्वाचे स्वरूप भिन्न आहे, हे पुढे वैद्यकीय लेखनातून स्पष्ट होत गेले. पण भीतीचा तो ठसा कायम राहिला.

हेम्प ड्रग्ज आयोग

गांजामुळे भारतीय वेडे होतात आणि वेड्यांची इस्पितळे भरतात, अशी तक्रार १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडली गेली. त्यानंतर डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन हेम्प ड्रग्ज आयोग नेमण्यात आला. सात सदस्यांपैकी तिघे भारतीय होते. आयोगाने निरनिराळ्या प्रांतांत फिरून १,१९३ साक्षीदारांची मते नोंदवली. त्यांत अधिकारी, डॉक्टर, जमीनदार, मिशनरी आणि लागवड करणारे होते. त्या काळी मध्य प्रांतातील खांडवा, बंगालमधील नौगाव आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर या भागांत परवान्याने गांजा पिकवला जात असे.

आयोगाचे सर्वांत महत्त्वाचे काम इस्पितळांच्या नोंदवह्यांची तपासणी हे होय. रुग्णाच्या वेडाचे कारण म्हणून 'गांजा' हा शब्द बहुधा डॉक्टरने लिहिलेला नसे. रुग्णाला आणणारा पोलीस माहितीपत्रकातील कारणाचा रकाना भरे आणि तीच नोंद पुढे वार्षिक आकडेवारीत जाई. नातेवाईक सापडत नसत, पूर्वेतिहास कळत नसे, आणि रकाना रिकामा ठेवणे चालत नसे. आयोगाने एका वर्षातील प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली, तेव्हा गांजाच्या नावावर मांडलेल्या अनेक प्रकरणांना आधार नसल्याचे आढळले. प्रशासकीय सोयीसाठी केलेली नोंद पुढे वैज्ञानिक पुरावा म्हणून कशी वावरते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मर्यादित सेवनाने सर्वसाधारणपणे हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि संपूर्ण बंदीऐवजी कर, परवाने व मर्यादित लागवड यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात काढण्यात आला. बंदी घातल्यास लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, अशी शंकाही त्यात होती. या अहवालाचा आधार आजचे समर्थक वारंवार घेतात. परंतु दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे, अबकारी उत्पन्नात सरकारचा थेट हितसंबंध होता. दुसरे म्हणजे, लाला निहालचंद आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय या दोन भारतीय सदस्यांनी भिन्नमत नोंदवून अधिक कठोर भूमिका घेतली होती. 'बंदी परकीय, सेवन स्वदेशी' हे समीकरण म्हणूनच इतिहासाला धरून नाही.

आंतरराष्ट्रीय करार आणि १९८५ चा कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या अमली पदार्थविषयक एकल करारात गांजाचा समावेश कठोर नियंत्रणाच्या यादीत झाला. तथापि कराराच्या व्याख्येतून शेंडे सोबत नसलेली पाने व बिया वगळण्यात आल्या. भारतातील भांगेची प्रथा त्यामुळे कराराबाहेर राहिली. पारंपरिक सेवन असलेल्या देशांना गांजाचा वैद्यकेतर वापर थांबवण्यासाठी २५ वर्षांची मुदतही मिळाली.

ही मुदत संपत येत असताना १९८५ मध्ये संसदेने एनडीपीएस या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अमली पदार्थविरोधी कायदा केला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. करारातील व्याख्या त्याने जवळजवळ जशीच्या तशी घेतली. चरस व गांजा निषिद्ध झाले. नुसती पाने मात्र केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. राजस्थान, उत्तर प्रदेश यांसारख्या राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने चालतात ती यामुळेच.

२००१ च्या दुरुस्तीने शिक्षा पदार्थाच्या वजनाशी जोडली गेली. गांजासाठी १ किलोपर्यंत 'अल्प' आणि २० किलोपेक्षा अधिक 'व्यापारी' प्रमाण ठरले. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम व १ किलो आहेत. अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड, व्यापारी प्रमाणासाठी १० ते २० वर्षे कारावास, तर केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला विशिष्ट अटींवर खटल्यातून सूट देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

व्याख्येतील बारकावा न्यायालयांत निर्णायक ठरतो. जप्त मालात फुलोऱ्याबरोबर सुटी पाने, बिया व काड्या असतील आणि पोलिसांनी सर्वांचे एकत्र वजन केले असेल, तर खरा गांजा किती, असा प्रश्न बचाव पक्ष उपस्थित करतो. मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी जामिनाच्या टप्प्यावर हा मुद्दा विचारात घेतला आहे. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांत जामिनाच्या अटी अत्यंत कडक असल्याने २१ किलो आणि १९ किलो यांतील फरक आरोपीसाठी वर्षानुवर्षांच्या कोठडीचा ठरू शकतो.

महाराष्ट्र आणि इतर राज्ये

केंद्रीय कायद्याने मोकळी सोडलेली भांग महाराष्ट्रात मोकळी नाही. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) परवान्याविना भांग बनवणे, बाळगणे व सेवन करणे यांस बंदी करतो. महाशिवरात्रीस भांग घेणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते. याच १९४९ च्या कायद्याचा वारसा असलेल्या गुजरातने २०१७ मध्ये भांग मादक पदार्थांच्या यादीतून वगळली. उत्तराखंडने २०१८ मध्ये धागा व बियांसाठी कमी टीएचसी असलेल्या औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवाने देण्यास सुरुवात केली.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, गांजाला मिळतो, असे त्याचे म्हणणे होते. पोलिसांनी या अर्जाकडे प्रसिद्धीची खटपट म्हणून पाहिले. अर्जाचा रोख गांजापेक्षा शेतमालाच्या भावावर होता, हे उघड आहे; तरीही गांजाच्या मान्यतेकडे व्यसनाच्या नव्हे तर उत्पन्नाच्या दृष्टीने पाहणारा एक वर्ग त्यातून दिसला.

आरोग्यविषयक मते

कोलकाता येथे १८३९ च्या सुमारास विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने गांजाच्या अर्काचे प्रयोग केले. झटके येणाऱ्या एका तान्ह्या बाळाला त्याने आराम पडल्याची नोंद त्याने केली आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, जून २०१८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच वनस्पतीतील कॅनाबिडिऑल (सीबीडी) या नशा न आणणाऱ्या घटकाचे औषध बालवयातील दोन दुर्धर अपस्मारांसाठी मंजूर केले. औषधी उपयोगाच्या बाजूने हा भक्कम पुरावा असला, तरी तो चिलमीचे समर्थन करीत नाही. ओढला जाणारा गांजा आणि मात्रा निश्चित असलेले औषध यांची गल्लत दोन्ही बाजू सोयीनुसार करतात.

हानीबाबत वैद्यकीय मत बऱ्यापैकी एकवटलेले आहे. किशोरवयात सुरू केलेले आणि नियमित सेवन, विशेषतः टीएचसी जास्त असलेल्या प्रकारांचे, चित्तभ्रमासारख्या गंभीर मनोविकारांचा धोका वाढवते. ज्यांच्या कुटुंबात असे विकार आहेत त्यांना धोका अधिक असतो. स्मरणशक्ती व एकाग्रतेवर परिणाम होतो, आणि सेवनानंतर वाहन चालवणे धोकादायक असते. 'गांजाचे व्यसन लागतच नाही' हा समज चुकीचा आहे. सर्व सेवन करणारे व्यसनाधीन होतात, हेही तितकेच चुकीचे आहे. केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के भारतीयांनी, म्हणजे अंदाजे ३.१ कोटी व्यक्तींनी, मागील वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यांत भांग घेणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते.

मान्यतेविषयीचा वाद

ओडिशातील ढेंकानालचे तत्कालीन खासदार तथागत सत्पथी यांनी बंदी ही अभिजनवादी असल्याची टीका केली होती: गरिबाची नशा गुन्हा ठरली आणि श्रीमंताची दारू राहिली, असा तिचा आशय होता. पतियाळाचे तत्कालीन खासदार धर्मवीर गांधी हे स्वतः डॉक्टर. नैसर्गिक नशेचे पदार्थ नियंत्रित स्वरूपात उपलब्ध झाल्यास हेरॉइन व रासायनिक पदार्थांचा प्रसार घटेल, या भूमिकेतून त्यांनी खासगी विधेयक पुढे आणले. २०१७ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी केवळ वैद्यकीय वापराला मान्यता सुचवली. या तिघांच्या मागण्या एकसारख्या नाहीत.

शिक्षा रद्द करणे आणि विक्रीला परवानगी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याकडेही चर्चेत दुर्लक्ष होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील अनेक जण सेवन करणाऱ्यास तुरुंगात धाडण्याच्या विरोधात आहेत, परंतु खुल्या बाजारालाही त्यांचा विरोध असतो. दारू आणि तंबाखूच्या बाबतीत महसुलाची सवय लागलेले सरकार पुढे नियंत्रण ठेवू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे. पालकांचा विरोध अधिक थेट असतो; कायद्याची भीती गेली तर मुलांना रोखण्यासाठी हाती काही उरणार नाही, असे त्यांना वाटते. उलटपक्षी, पाच-दहा ग्रॅम गांजासह पकडलेल्या तरुणाची नोकरी, शिक्षण व पारपत्र यांवर गुन्ह्याच्या नोंदीचा परिणाम गांजाच्या परिणामापेक्षा दीर्घ असतो, असे सुधारणावादी दाखवून देतात.

परदेशातील बदल आणि भारतीय नागरिक

उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून मर्यादित प्रमाणात बाळगणे व घरी लावणे यांस मुभा दिली. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात २ डिसेंबर २०२० रोजी गांजा सर्वाधिक कठोर यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. देशांतर्गत कायदा त्यामुळे बदलला नाही.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या भारतीयांसाठी, त्यांत मराठी भाषकही आले, हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. अनेक राज्यांत गांजा दुकानात मिळत असला तरी तेथील संघराज्याचा कायदा स्थलांतरितांना लागू होतो, आणि सेवनाची कबुली वा या व्यवसायातील नोकरी नागरिकत्वाच्या अर्जाला बाधक ठरू शकते. शिवाय २००१ च्या दुरुस्तीनंतर एनडीपीएस कायदा भारताबाहेरील भारतीय नागरिकांनाही लागू आहे.