जुनापाणीची शिलावर्तुळे : एका विसरलेल्या दफनभूमीची ओळख

हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव विदर्भात आहे. नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीजवळ माळावर मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. सुमारे तीनशे वर्तुळे आहेत ही. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील माणसांची दफनस्थाने आहेत.

अशा जागा आपल्या तेलंगणातही आहेत. मौला अली आणि हशमतपेठ ही नावे आपल्या ओळखीची असतील. ही माणसे कोण, हे विस्मरणात गेल्यावर लोकांनी आपापली उत्तरे शोधली. तेलंगणातील खेड्यांत अशा जागांचा संबंध राक्षसांशी लावतात, तर कर्नाटकात पांडवांशी किंवा मौर्यांशी.

त्यांचा अभ्यास इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केला. निजामाच्या सेवेत असलेल्या मेडोज टेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरपूर भागातील दफने उकरून त्यांच्या नोंदी केल्या. रिव्हेट-कार्नाक यांनी 1879 साली जुनापाणीविषयी लिहिले. तेथील काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, आणि तसेच खळगे युरोपातही आढळतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे 1961 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले.

वर्तुळाच्या आत माती, मुरूम आणि गोटे यांची भर असते. ती एकेक थर काढत उतरावे लागते. खाली हाडांचे तुकडे, मातीची भांडी आणि लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर मिळतात. भांडी आतून व काठाला काळी, बाहेरून तांबडी असतात. भट्टीत ती पालथी ठेवल्याने आत हवा पोचत नसे, म्हणून आतला भाग काळा राही, असे अभ्यासक मानतात. माहुरझरी येथे घोड्याच्या सांगाड्याबरोबर त्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकारही सापडले. मृताबरोबर घोडा पुरणाऱ्या समाजात घोड्याला किती मान होता, हे त्यावरून कळते.

पण मृतांच्या जागा एवढ्या, तर हे लोक राहत कोठे? या प्रश्नाचे उत्तर डॉ. शां. भा. देव यांच्या कामातून मिळू लागले. 1968-69 मध्ये खापा येथील दफने आणि जवळच्याच टाकळघाट येथील वस्ती यांचे उत्खनन एकत्र झाले. दोन्हीकडच्या वस्तू जुळल्या. नंतर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे दफनात मिळणारी हत्यारे घडवण्यासाठी लागणारे लोखंड याच प्रदेशात तयार होत होते.

आता मुख्य गोष्ट. येथे सोने मिळेल या आशेने लोक वर्तुळे खणतात. रस्त्यासाठी, बांधासाठी दगड उचलले जातात, शेत सपाट करताना वर्तुळ नाहीसे होते. दगड दुसरीकडे जपून ठेवला तरी उपयोग नसतो. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या दिशेला, कशाशेजारी होती, यातूनच अर्थ लागतो. जागा एकदा हलली की ती माहिती कायमची गेली. जुनापाणीची वर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत, पण गावोगावच्या अनेक वर्तुळांना असे संरक्षण नाही.

म्हणून आपल्या सर्वांना विनंती. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलात, तर घरच्या वडीलधाऱ्यांना शिवारातील अशा दगडांविषयी जरूर विचारा. वर्तुळ दिसले तर काही न हलवता फोटो काढा, गावाचे व शिवाराचे नाव लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. मुलांनाही बरोबर न्या. या माणसांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, पण त्यांची शेवटची जागा तरी शाबूत राहावी, एवढे आपण नक्की करू शकतो.