भोगेर खिचुडी : दुर्गापूजेतली खिचडी घरच्या घरी

दुर्गापूजेत देवीला नैवेद्य दाखवून भाविकांना पंगतीत वाढतात ती मूगडाळ-तांदळाची खिचडी म्हणजे भोगेर खिचुडी. तिच्यात कांदा-लसूण वर्ज्य असतो. चवीचा भार असतो तो भाजलेली डाळ, आले, मोहरीचे तेल आणि शेवटी घातलेले तूप यांच्यावर.

मुंबईच्या उपनगरांत बंगाली कुटुंबे वसण्यात चित्रपटसृष्टीचा मोठा वाटा आहे. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. तिथून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळींनी १९४३ मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान काढली. मुखर्जी परिवाराच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेली नॉर्थ बॉम्बे सार्वजनिक दुर्गापूजा आजही जुहू परिसरात होते. अंधेरीतले लोखंडवाला, पवई आणि खारचा रामकृष्ण मठ इथल्या पूजाही प्रसिद्ध आहेत. त्यामुळे नवरात्रात उपनगरातल्या अनेक मराठी घरांनाही या खिचुडीची ओळख झालेली असते.

तांदूळ आणि डाळ

बंगालमध्ये यासाठी गोविंदभोग तांदूळ वापरतात. तो आखूड, बारीक आणि सुवासिक असून बर्धमान भागातल्या या तांदळाला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो न मिळाल्यास आंबेमोहोर उत्तम. त्यालाही सुवास आहे आणि शिजल्यावर तो तसाच मऊ, चिकटसर होतो. बासमतीचा दाणा सुटा राहतो, म्हणून तो टाळावा. डाळ बिनसालीची मुगाची. मराठी खिचडीत डाळीपेक्षा तांदूळ बहुधा जास्त असतो. इथे दोन्ही समप्रमाणात घेतात.

साहित्य (चार-पाच जणांसाठी)

तांदूळ आणि मूगडाळ प्रत्येकी १ वाटी, २ बटाटे, फ्लॉवरचे ८-१० मोठे तुरे, अर्धी वाटी मटार, १ टोमॅटो, ओल्या खोबऱ्याचे थोडे काप, दीड चमचा वाटलेले आले, १ चमचा जिरेपूड, हळद, मीठ, १ चमचा साखर, ३-४ हिरव्या मिरच्या, ४ मोठे चमचे मोहरीचे तेल, २ चमचे तूप. फोडणीला २ तमालपत्रे, २ सुक्या मिरच्या, जिरे, दालचिनी, वेलची, लवंग.

कृती

डाळ न धुता कोरड्या कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजावी. आठ-दहा मिनिटांत ती गुलाबीसर बदामी होते आणि खमंग वास सुटतो. आच मोठी ठेवली तर काही दाणे करपतात, काही कच्चे राहतात आणि कडवटपणा सगळ्या खिचुडीत उतरतो. भाजल्यावर मगच डाळ धुवावी. तांदूळ धुऊन निथळत ठेवावा.

मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवावे, म्हणजे त्याचा उग्रपणा कमी होतो. आच कमी करून त्यात बटाट्याच्या मोठ्या फोडी, फ्लॉवर आणि खोबरे वेगवेगळे परतून बाजूला काढावे. उरलेल्या तेलात फोडणी करून आले, जिरेपूड, हळद, टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतावे. डाळ-तांदूळ घालून दोन मिनिटे परतून सात-आठ वाट्या कढत पाणी, मीठ आणि बटाटे घालावेत. डाळ अर्धी शिजली की फ्लॉवर, मटार, खोबरे, हिरव्या मिरच्या घालाव्यात. कुकरपेक्षा जाड बुडाचे पातेले बरे, कारण भाज्यांच्या फोडी अखंड राहतात. शेवटी साखर, तूप आणि वेलची-लवंग-दालचिनीची ताजी पूड घालून पाच मिनिटे झाकावे.

खिचुडी पळीने ओतता येईल इतकी सैल हवी. निवताना ती घट्ट होते; तेव्हा कढत पाणी घालून सारखी करावी, गार पाणी घालू नये.

पानातले बाकीचे पदार्थ

सोबत असते लाबडा, म्हणजे भोपळा, वांगे, मुळा, रताळे यांची मिळून केलेली भाजी. तिला पाँचफोरनची फोडणी देतात: मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि राधुनी किंवा मोहरी समप्रमाणात. राधुनी हा अजमोद्याचा दाणा. न मिळाल्यास मोहरी चालते. शिवाय वांग्याचे तळलेले काप, खजूर आणि आंबापोळी घातलेली टोमॅटोची गोड चटणी, पापड आणि शेवटी तांदळाची खीर, म्हणजे पायेश. ही खीरही गोविंदभोगाची करतात, त्यामुळे एकाच तांदळात दोन्ही पदार्थ साधतात.